तळपायावरचा न भरणारा काळा डाग: कुरूप, शुगरची जखम की कॅन्सर?

तुम्ही फोटोसोबत जे लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडते. वडील ६४ वर्षांचे, उमेदीची सगळी वर्षं मालवणच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढण्यात गेली, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. गेल्या गणपतीच्या सुमारास उजव्या टाचेजवळ काळपट डाग दिसला. कुरूप समजून घरीच ब्लेडने तासला, मग बिब्बा घातला, मग मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणून लावली. आता तिथे ओली जखम आहे, कडेला काळं दिसतं, आणि शिमगा होऊन गेला तरी ती भरत नाही. प्रश्न पाच आहेत: हा स्किन कॅन्सर असेल का, आयुष्यभर उन्हात राबल्यामुळे झाला असेल का, तुकडा काढला तर तो पसरतो म्हणतात ते खरं का, पाय कापावा लागेल का, आणि वडिलांना हे सांगायचं का.

मी सिंधुदुर्ग-रत्नागिरी पट्ट्यात बरीच वर्षं त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे ही गोष्ट तंतोतंत अशाच क्रमाने ऐकायची मला सवय आहे. कुरूप, ब्लेड, बिब्बा, पट्टी, ड्रेसिंग. मधले महिने कुठे जातात कळत नाही. फोटोवरून मी निदान सांगणार नाही, फोटो याहून स्वच्छ असता तरी सांगितलं नसतं. पण पुढे काय करायचं ते ठरवायला निदान हातात असावं लागत नाही. तळपायावर नव्याने आलेला काळा डाग वाढला, फुटला आणि सहा-सात महिन्यांत भरला नाही, एवढ्या माहितीवर मी तुकडा काढून तपासायला पाठवते. म्हणजे कॅन्सर आहे की नाही यावर घरात चर्चा करण्यापेक्षा तपासणी कधी करायची हे ठरवा, आणि ती याच आठवड्यात करा.

मधुमेह हे थांबण्याचं कारण होऊ देऊ नका. उलट मधुमेह असला की अशी जखम हमखास मागे पडते. "शुगर आहे ना, वेळ लागणारच" असं रुग्ण म्हणतो, घरचे म्हणतात, ड्रेसिंग करणाराही म्हणतो. शुगरमुळे जखम रेंगाळते हे खरं आहे. पण शुगर आटोक्यात आणून, त्या पायावरचा भार कमी करून, नीट ड्रेसिंग करूनही चार-सहा आठवड्यांत जखम आकसायला लागली नाही, तर तिच्यामागे दुसरं काही आहे का ते बघावंच लागतं.

आता उन्हाबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात आणि त्या लोकांसाठी ती बरोबरच आहेत. उन्हातले अतिनील किरण पेशींच्या डीएनएला इजा करतात, ती वर्षानुवर्षं साचत जाते, आणि उतारवयात चेहरा, कान, हात, पाठ इथे कॅन्सर उगवतो. ऑस्ट्रेलियात म्हणूनच त्याचं प्रमाण इतकं मोठं आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन या किरणांना बऱ्यापैकी अडवतं. भारतातल्या सगळ्या कॅन्सरांमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा वाटा जेमतेम एखाद्या टक्क्याचा आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या किनाऱ्यावर दुपारचा यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) ११ च्या वर जातो, तरीही रापणीवरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर मला सुरकुत्या, वांग आणि काळवंडलेली कातडीच जास्त दिसते, कॅन्सर क्वचित.

आपल्या लोकांत हा आजार बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी येतो. तळपाय, तळहात, नखाखाली, भाजल्याच्या जुन्या व्रणावर, कंबरेला. तळपायावर होणाऱ्या काळ्या कॅन्सरचा उन्हाशी जवळजवळ काही संबंध नाही. त्यामुळे तुमच्या वडिलांना जर तो असेलच, तर "मी टोपी घातली नाही, म्हणून झालं" असं त्यांनी मनाला लावून घेऊ नये. तुम्हीही घेऊ नये.

त्वचेच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार तीन. बेसल सेल कार्सिनोमा हा सर्वांत सौम्य. तो हळूहळू वाढतो, दुसऱ्या अवयवात जवळजवळ जात नाही, पण आहे त्या जागी पोखरत राहतो. आपल्याकडे तो बहुतेकदा नाकाच्या बाजूला किंवा डोळ्याखाली, काळपट, चकचकीत कडेच्या पुटकुळीसारखा दिसतो, म्हणून लोक त्याला तीळ किंवा मस समजतात. फरक एवढाच की तोंड पुसताना त्यातून रक्त येतं, खपली धरते, खपली पडते, पुन्हा रक्त येतं, आणि हे वर्षभर चालतं. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा जाड, खडबडीत, कडा उचललेली जखम करतो आणि तो जवळच्या (जांघेतल्या, काखेतल्या) गाठींमध्ये जाऊ शकतो. तिसरा मेलानोमा, म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो तिघांत सर्वांत कमी आढळतो आणि सर्वांत धोकादायक आहे, कारण तो लवकर खोल जातो आणि रक्तातून, लसिकेतून (या गाठींकडे वाहणाऱ्या द्रवातून) पसरतो.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर निम्म्या टी-शर्टांवर ज्याचा चेहरा असतो तो गायक बॉब मार्ले याच आजाराने गेला. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा सापडला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. १९८१ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी तो वारला. सावळ्या किंवा काळ्या कातडीच्या माणसाला मेलानोमा होतच नाही, असं कुणी सांगितलं की मी हेच उदाहरण देते.

या भागात मला जास्त काळजी वाटते ती जुन्या व्रणांची, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते. लहानपणी चुलीवर, स्टोव्हवर भाजलेलं असतं, त्याचा ताणलेला, पांढुरका व्रण पायावर किंवा मांडीवर राहतो. तो सांध्यावर असेल तर चालताना पुन्हा पुन्हा चिरतो, भरतो, चिरतो. असं ३० वर्षं चालतं आणि मग एक दिवस चिरलेली जागा भरायचीच थांबते, कडा वर येते, वास यायला लागतो. याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात, आणि आत बहुतेकदा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असतो. भाजल्याचा व्रणच हवा असं नाही. कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळव्यावरची जुनी जखम, वर्षानुवर्षं वाहणारं हाडातलं नासूर, गुडघ्याखाली शिरा फुगून झालेली न भरणारी जखम, कुठेही हे होऊ शकतं. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचे हात टरफलाच्या तेलाने भाजतात, तसं बिब्ब्याने पाय भाजतो. एकदा भाजलं म्हणून कॅन्सर होत नाही. पण जुन्या जखमेवर पुन्हा पुन्हा तेच घालत राहिलं की ती जागा कधी शांत होत नाही, आणि शिवाय खरं रूप झाकलं जातं.

दुसरी जागा कंबर. टाटा मेमोरियलमध्ये काम केलेले थोर विकृतीशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली धोतर घट्ट कसून बांधणाऱ्यांच्या कंबरेवर होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन केलं होतं. त्याला धोतराचा कॅन्सरच म्हणतात. परकराची नाडी रोज एकाच जागी करकचून बांधणाऱ्या बायकांतही तो दिसलेला आहे. आधी नाडीचा काळा वळ, मग खाज, कोंडा, मग चीर. बहुतेकींचं प्रकरण खाज आणि कोंड्यावरच थांबतं. तरी चाळीस-पन्नाशीच्या बाईच्या कंबरेवर नाडीखाली जखम असेल आणि ती भरत नसेल, तर ती मला बघायचीच असते. नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घ्या, गाठीची जागा बदला, घरात असताना सैल सोडा, हे मी बायकांना नेहमी सांगते.

बाकीची कारणं पटकन सांगून पुढे जाते. खालच्या ओठावर ऊन आणि तंबाखू दोन्हींचा मारा होतो, तिथली सोललेली, न भरणारी जागा तपासून घ्यावी. किडनी बदललेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या लोकांत धोका बराच वाढतो. पाण्यातल्या किंवा जुन्या पुड्यांच्या औषधांतल्या आर्सेनिकने वर्षांनंतर तळहात-तळपायांवर खडे येतात आणि त्यांतून कॅन्सर होऊ शकतो. जन्मतःच अंगात रंग नसलेली, म्हणजे अल्बिनिझम असलेली मुलं मात्र खऱ्या अर्थाने उन्हाच्या तोंडी असतात. त्यांना पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन लहानपणापासून हवंच. कोड असलेल्यांनी इथे घाबरू नये. कोड हा कॅन्सर नाही आणि त्याचा कॅन्सर होत नाही.

आता वडिलांच्या टाचेकडे येऊ. माझ्या टेबलावर असा पाय आला की मी काय करते ते सांगते, म्हणजे तुमचे डॉक्टर काय बघतायत ते तुम्हाला कळेल.

आधी पाय साबणाने धुऊन पुसून घेते, दोन्ही पाय. किनाऱ्यावरच्या माणसाच्या तळव्यावर इतकं काही असतं की स्वच्छ केल्याशिवाय दिसत नाही: चिखल्या, भेगा, कालवांच्या चिरा, पाकट माशाचा काटा लागून गेलेली जुनी खूण. मग काळा भाग जखमेच्या आतच आहे की जखमेच्या बाहेर, चांगल्या कातडीतही पसरलाय ते बघते. बाहेर पसरलेला काळा रंग मला आवडत नाही. दाबामुळे कातडीत रक्त साकळून झालेला काळा ठिपका असेल तर वरची जाड कातडी ब्लेडने हलकेच खरवडली की तो भुकटी होऊन निघून येतो आणि खाली स्वच्छ कातडी दिसते. कुरूप तासलं की मधोमध पारदर्शक, कडक गाभा दिसतो. चामखीळ तासली की बारीक काळे ठिपके आणि टाचणीच्या टोकाएवढं रक्त. मेलानोमाचा रंग खरवडून जात नाही. (हे तासणं दवाखान्यात, निर्जंतुक ब्लेडने. घरी अजिबात नाही.)

मग डर्मोस्कोप लावते. हे प्रकाश असलेलं भिंग, कातडीवर टेकवून बघायचं. तळव्याची कातडी भिंगाखाली नांगरून ठेवलेल्या वाफ्यासारखी दिसते, सरी आणि वरंबे, एकापाशी एक. साध्या तिळाचा रंग सरीत साचतो, बारीक समांतर रेघांसारखा. मेलानोमाचा रंग वरंब्यांवर चढतो, रुंद पट्ट्यांसारखा. हा फरक इतका उपयोगी आहे की तळपायावरच्या कितीतरी निरुपद्रवी तिळांना मी या एका कारणावरून हात लावत नाही, आणि काहींना त्याच कारणावरून दुसऱ्या दिवसावर टाकत नाही. पण जखम फुटून ओली झाली असेल, वर बिब्ब्याचं भाजलेलं असेल, तर या रेषा पुसलेल्या असतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत कदाचित तेच दिसेल, आणि मग तुकड्याला पर्याय उरत नाही.

टाचेवर आणखी एक प्रकार येतो, तो माहीत असावा. व्हेरुकस कार्सिनोमा. दिसायला मोठ्या चामखिळीसारखा, दाबला की बारीक भोकांतून पांढरट, दुर्गंधी येणारा लगदा बाहेर येतो. तो वर्षानुवर्षं चामखीळ म्हणून जाळला जातो आणि पुन्हा येतो. पसरतो क्वचित, पण आत खोल जातो. त्याशिवाय रंगच नसलेला, लालसर मांसाच्या गोळ्यासारखा मेलानोमाही असतो, जो लोकांना "वाढलेलं मांस" वाटतो. म्हणून काळं नाही तर काळजी नाही, असंही समजू नका.

त्यानंतर मी जांघ चाचपते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ते दुखतं, मऊसर असतं, पायाचा पू कमी झाला की उतरतं. दुखत नसलेली, टणक, वाढत जाणारी गाठ असेल तर गोष्ट वेगळी. ती असेल तर सुईने पेशी काढून तपासणी आणि पुढचं स्कॅनिंग लागतं.

घरी तीळ किंवा डाग बघताना लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा: दोन अर्धे एकमेकांसारखे नाहीत, कडा वेडीवाकडी आहे, एकाच डागात दोन-तीन छटा आहेत, व्यास ६ मिलिमीटरपेक्षा म्हणजे पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा मोठा आहे, आणि डाग बदलतोय. यांतलं शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जन्मापासून आहे तसा असलेला मोठा तीळ मला कमी घाबरवतो, गेल्या चार महिन्यांत आलेला छोटा जास्त. नखावरची काळी उभी रेघ आपल्याकडे बऱ्याच लोकांना असते, अनेक नखांवर असेल तर बहुधा साधीच असते. एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर रेघ आली, रुंद होत गेली आणि तिचा काळा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला, तर दाखवा. दार लागून नखाखाली साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकत जातं. ही रेघ सरकत नाही.

आता सुरीची भीती. "लोखंड लागलं की कॅन्सर चेकाळतो", हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. ही समजूत कुठून आली ते समजण्यासारखं आहे. माणसं इतक्या उशिरा येत की तोवर आजार आत पसरलेला असे, आणि तुकडा काढल्यावर काही महिन्यांत जे व्हायचं ते होई. दोष सुरीवर गेला. मेलानोमाच्या रुग्णांत आधी फक्त तुकडा काढून तपासलेले आणि पूर्ण डाग काढून तपासलेले, असे दोन्ही गट अभ्यासले गेले आहेत, आणि तुकडा काढल्याने आयुर्मान कमी होतं असं दिसलेलं नाही. नुकसान होतं ते न तपासता जाळण्याने. मस जाळून देणारे, चामखीळ लेझरने उडवणारे, पार्लरमध्ये तीळ काढणारे, हे सगळे पुरावाच नष्ट करतात. जाळून गेलेल्या कातडीत किती खोल काय होतं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

प्रत्यक्षात बायोप्सी म्हणजे काय, तर तळव्यात बधिरीकरणाची सुई. ही दुखते, तळव्यातली सुई दुखतेच, ते मी रुग्णाला आधीच सांगून टाकते. मग चार मिलिमीटर व्यासाचं गोल पातं फिरवून छोटासा खांब काढायचा, एखादा टाका, आणि तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत. दहा-पंधरा मिनिटांचं काम. तुकडा जखमेच्या मधल्या मेलेल्या भागातून घेऊ नये, जिथे कातडी सर्वांत जाड किंवा काळी आहे तिथून, खालच्या चरबीपर्यंत घ्यावा. डाग लहान असेल तर तो सबंध, दोनेक मिलिमीटर कडेसकट काढून पाठवणं चांगलं. वडील रक्त पातळ करण्याची गोळी घेत असतील तर आधी सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो.

रिपोर्टमध्ये काय येईल यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून शक्यता वेगवेगळ्या सांगते. नुसती मधुमेहाची जखम निघाली तर आनंदच, मग शुगर, भार कमी करणारी चप्पल आणि ड्रेसिंग. तरीही जखम भरली नाही तर दुसरा तुकडा काढावा लागू शकतो, त्याला नाही म्हणू नका.

बेसल सेल असेल तर ती जागा चांगल्या कातडीच्या चार मिलिमीटर कडेसकट काढली की बहुतेकांचं काम झालं. अगदी वरवरचा असेल तर खरवडून जाळणं, द्रव नायट्रोजनने गोठवणं किंवा इमिक्विमॉड मलम असेही पर्याय आहेत. डोळ्याच्या, नाकाच्या कडेला असेल तर थर काढत लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघत जाण्याची मोह्‌ज पद्धत उत्तम, पण ती आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होते. ऑपरेशन न झेपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रेडिएशन देता येतं. स्क्वॅमस सेललाही मुख्य उपचार ऑपरेशनच, कड थोडी जास्त, आणि गाठी तपासणं आवश्यक. जुन्या व्रणावरचा असेल तर तो जास्त आक्रमक वागतो, म्हणून कड आणखी रुंद घेतात. खूप खोल गेलेला असेल तर रेडिएशन जोडतात.

मेलानोमा असेल तर रिपोर्टमध्ये एक आकडा शोधा: ब्रेस्लो जाडी, मिलिमीटरमध्ये. गाठ कातडीत किती खोल उतरलीय तो हा आकडा, आणि पुढचं बहुतेक सगळं त्यावरून ठरतं. एक मिलिमीटरच्या आत असेल तर एक सेंटिमीटर कडेसकट काढतात आणि बहुसंख्य लोक तेवढ्यावर बरे होतात. दोन मिलिमीटरच्या वर असेल तर दोन सेंटिमीटर कड. साधारण एक मिलिमीटरपासून पुढे जांघेतली पहिली गाठ रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून शोधतात आणि काढून तपासतात. तिला सेंटिनल नोड म्हणतात. ऑपरेशनला पाठवण्यापूर्वी ही सोय तिथे आहे का ते विचारा, कारण मोठं ऑपरेशन होऊन गेल्यावर ती गाठ शोधणं अवघड होतं.

म्हणजे पाय कापावा लागेल का? टाचेवरच्या मेलानोमासाठी पाय कापणं हा आज नेहमीचा उपचार नाही. टाचेचा भाग काढतात आणि तिथे तळव्याच्या मधल्या कमानीची किंवा मांडीची कातडी आणून बसवतात. नखाखाली असेल तर बोटाचा काही भाग जाऊ शकतो. हाडापर्यंत गेलेला, पू झालेला, रक्तपुरवठा बिघडलेला पाय असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथे मधुमेह खरा अडथळा ठरतो. टाचेवरची नवी कातडी भार घेण्याइतकी पक्की व्हायला वेळ लागतो, काही आठवडे पाय टेकता येत नाही. रापणीवर परत जाता येईल का, हे त्या कातडीवर आणि पायातल्या संवेदनेवर ठरेल. वाळूवर अनवाणी पुन्हा नाही, हे मात्र आजच मनाशी धरा.

पसरलेल्या मेलानोमाला २०११ पर्यंत हाताशी फार थोडं होतं. त्यानंतर प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं आली, इपिलिमुमॅब, मग पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब. ज्या शोधावर ती उभी आहेत त्यासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. काही रुग्णांत ती वर्षानुवर्षं काम करतात. तळपायाच्या मेलानोमात त्यांचा गुण गोऱ्या कातडीवरच्या उन्हाच्या मेलानोमाइतका येत नाही, आणि खर्च मोठा आहे. म्हणून मी लवकर काढण्यावर इतका जोर देते. काही गाठींत बीआरएएफ किंवा केआयटी जनुकातला बदल सापडतो, त्यावर गोळ्या आहेत. पसरलेला असेल तर ही जनुकीय तपासणी मागा.

कुठे जायचं? बायोप्सी जिल्हा रुग्णालयात किंवा कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे, सर्जनकडे होते, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. कॅन्सर निघाला तर मालवणहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं, रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरचा विभाग आहे, आणि परळचं टाटा आहेच. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, रेडिएशन, केमो बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आधी भेटा, उपचार सुरू झाल्यावर नको. उपचारासाठी जाताना रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, त्याचा दाखला रुग्णालय देतं.

टाटाला गेलात तर नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथून काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि दुसरं मत घ्यायला तोच लागतो. ब्लॉक गाडीत उन्हात ठेवू नका, वितळतो.

तोवर घरी: बिब्बा, हळद, चुना, कुरुपाची पट्टी, ब्लेड, सगळं बंद. रोज सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन साधी गॉज. समुद्राच्या पाण्यात, चिखलात तो पाय नको. शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या, ऑपरेशन लागलं तर तो रिपोर्ट आधीच हवा असतो. एका पट्टीशेजारी पाय ठेवून, दिवसाच्या उजेडात, तारखेसह फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि वडिलांना "कॅन्सर" हा शब्द सांगायचा की नाही, असं तुम्ही शेवटी विचारलंय. माझ्याकडे येणारे वयस्क कोळी बहुतेक वेळा स्वतःच म्हणतात, "बाई, ह्यां कुरूप न्हय, माका कळता." त्यांना अंदाज असतो. तुकडा काढून बघणार आहोत, त्यातून काय निघेल ते अजून कुणालाच माहीत नाही, आणि जे निघेल ते तुम्हालाही सांगू, एवढं खरं सांगितलंत तर ते तुमच्याबरोबर येतील. लपवाछपवी केली तर बहुधा दुसऱ्या खेपेला येणार नाहीत.